‘मेटाबॉलिक वय ६७’ सांगून साडेअठरा हजार नेले

वेंगुर्ला, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात सध्या ‘पन्नाशीनंतरचं आरोग्य’ नावाची मोफत शिबिरं लागतायत. गणपतीनंतर आमच्याकडेही लागलं. त्यात माझे १८,५०० रुपये गेले आणि माझी धाकटी जाऊ मरता मरता वाचली, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

अनवाणी काट्यावर उभं करतात, हातात दोन दांडे देतात आणि मिनिटभरात छापील कागद येतो. चरबी इतके टक्के, पाणी इतके टक्के, आणि सगळ्यात ठळक अक्षरांत ‘मेटाबॉलिक वय’, म्हणजे शरीर आतून किती वयाचं झालंय त्याचा यंत्राने काढलेला आकडा. मी ५२ ची, कागदावर ६७. समोरच्या कोच मॅडम (डॉक्टर नव्हेत, डाएटिशियनही नव्हेत) आवाज खाली आणून म्हणाल्या, "काकी, पाळी गेली ना, आता आतून सगळं झपाट्याने म्हातारं होतं." उपाय काय, तर सोळा तास उपाशी राहायचं आणि उरलेल्या आठ तासांत जेवायचं. इथवर सगळं फुकट. पैसे पुढे लागतात: उपास ‘सोसावा’ म्हणून पावडरचे डबे, सकाळचा डिटॉक्स चहा आणि तीन महिने ग्रुपमध्ये राहण्याची फी. सासूबाई पडवीतूनच म्हणाल्या, "उपाशी रवाक पैसे कित्याक मोजूचे?" चातुर्मासात एकभुक्त राहणारी बाई ती, तिला हे कोण पटवणार!

वजन उतरलं, नाही असं नाही. पहिल्या आठवड्यातच काटा खाली आला आणि ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. कुडाळच्या डॉक्टरांनी नंतर त्यातली गोम सांगितली. खाणं कमी केलं की यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर आधी वापरली जाते, तिच्यासोबत धरलेलं पाणी निघून जातं. शिवाय चहाच्या पुडीवर बारीक अक्षरांत सोनामुखी लिहिलेली होती, म्हणजे रेचकच. चरबी होती तिथेच होती.

आणि तो कागद! यंत्र अंगातून अगदी सौम्य वीज सोडतं. पाण्यातून ती सहज जाते, चरबीतून अडखळते. त्यावरून आणि आपण सांगितलेलं वय-उंची-वजन धरून ते सूत्राने अंदाज काढतं. अंगात पाणी कमी असलं तर तेवढ्यानेही चरबी जास्त दिसू शकते. ‘मेटाबॉलिक वय’ बघून कुठला डॉक्टर औषध लिहीत नाही. माझा पहिला आणि शेवटचा कागद शेजारी ठेवल्यावर मुलीच्या लक्षात आलं: पहिल्यावर माझी उंची १५० सेंटिमीटर, शेवटच्यावर १५६. पाळी गेल्यावर हाडं झिजून उंची कमी झालेल्या बायका पुष्कळ असतील, वाढलेली मी एकटीच! उंची वाढवली की बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) आपोआप खाली येतो आणि चरबीची टक्केवारीही. विचारलं तर म्हणे, "टायपिंग मिस्टेक."

‘उपासाला नोबेल मिळालंय’ हे वाक्य प्रत्येक शिबिरात ऐकवतात. २०१६ चं वैद्यकातलं नोबेल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना मिळालं ते पेशी स्वतःचेच टाकाऊ भाग कसे मोडतात, म्हणजे ऑटोफॅजी, त्या शोधाबद्दल. त्यांनी काम केलं यीस्टवर. यीस्टची पाळी जात नाही आणि पोटही सुटत नाही. माणसांवरचा एक प्रयोग २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. लठ्ठ असलेल्या १३९ जणांना वर्षभर मोजकं खायला दिलं, त्यांतल्या निम्म्यांनी सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात खाल्लं. वजन दोन्ही गटांचं उतरलं, पण एका गटाचं दुसऱ्यापेक्षा म्हणण्यासारखं जास्त उतरलं नाही. म्हणजे उपास वाईट असं नाही, पण त्यात जादूही नाही. आमच्या वयात इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक उतरल्यामुळे हाडं आणि स्नायू आधीच झिजत असतात. तिथे बांगडा, अंडी, कुळीथ, नाचणी सोडून गोड पावडर घोटायची म्हणजे उलटाच कारभार.

आता जावेचं. तिला डायबिटीस, सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, साखर खाली आणते. तिने ग्रुपवर विचारलं, तर उत्तर आलं की गोळी घ्या, पण दुपारी बारापर्यंत काही खाऊ नका. तिला घाम सुटायला लागला. मॅडम म्हणाल्या, "हॉट फ्लशेस आहेत, टॉक्सिन बाहेर पडतायत." एका सकाळी आडाळ्यावर बांगडे कापताना तिचे हात थरथरायला लागले, बोलणं बरळल्यासारखं झालं. ग्रामीण रुग्णालयात नेलं तेव्हा साखर ४८. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर डोळे उघडले. हॉट फ्लशमध्ये छातीतून तोंडाकडे गरम लाट येते आणि थोड्या वेळात ओसरते. साखर उतरल्यावर अंग गार, घाम चिकट, हात कापतात, भूक लागते, डोकं चालेनासं होतं. फरक ओळखता आला नाही तर ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या. इन्सुलिन किंवा अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरूच नका.

पैसे परत मागितले तर उत्तर मिळालं, "दोन बायका आणा, तुमचे सुटतील." माणसं आणण्याचे पैसे देणं २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग (दुकानाशिवाय माणसांमार्फत थेट विक्री) नियमांत बसत नाही. बॅनरवर ‘मधुमेह मुळापासून बरा’ होतं. मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करण्याची अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने बंद आहे. डब्यावरचा १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) नंबर खाद्यपदार्थ विकायच्या परवान्याचा असतो, वजन उतरण्याची हमी नव्हे. त्याच डब्याच्या तळाशी ‘औषधी वापरासाठी नाही’ असंही छापलं होतं.

बिल दिलं नव्हतं आणि पैसे मॅडमच्या नवऱ्याच्या यूपीआयवर गेले होते. तरी यूपीआयची नोंद, दोन्ही कागद आणि ग्रुपवरचे स्क्रीनशॉट होते, त्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली. ग्रुपमधून मला काढलंच, पण स्क्रीनशॉट आधीच घेतलेले. त्यानंतर निम्मे पैसे देऊन ‘तक्रार नाही’ असं लिहून मागायला एक माणूस घरी आला. सही केली नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि अर्ज दोन वर्षांच्या आत करावा लागतो. आमच्या ग्रुपमधल्या आणखी कोणाचे पैसे अडकले असतील तर आपापले कागद काढा आणि त्यावर लिहिलेली उंची आधी बघा.