थ्री-नॉट-थ्री कापली, आणि पुरावाही कापला गेला

आमचे बाबा राज्य राखीव पोलीस दलात होते, रामटेकडीला. बंदोबस्ताहून घरी आले की बनियनखाली खांद्यावर पट्ट्याचा लाल वण दिसायचा. 'थ्री-नॉट-थ्री'चा, म्हणजे .३०३ रायफलीचा. ती रायफल घरी कधी आली नाही, ती कोतमध्ये (दलाच्या शस्त्रागारात) जमा व्हायची. पण घरात तिचं नाव एखाद्या चुलत्यासारखं निघायचं. हे आधी सांगतोय, कारण मला फसवणाऱ्यानं नेमकं हेच माझ्याकडून काढून घेतलं.

मी बावीस वर्षं पेनसिल्व्हेनियात आहे. ऑफिसातल्या एकाच्या नादानं हरणाच्या शिकारीला जायला लागलो. परवाना, सुरक्षेचा कोर्स, अंगावर केशरी जाकीट, सगळं रीतसर. (भारतात १९७२ पासून शिकार बंद आहे, मला माहीत आहे. त्यावरची भांडणं घरी झाली आहेत, इथे नकोत.) दोन हंगाम मित्राची रायफल वापरली. मग एका शस्त्रप्रदर्शनात टेबलावर थ्री-नॉट-थ्री दिसली. दस्त्याच्या पुढच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, त्याखाली जी.आर.आय. ही ब्रिटिश राजाची आद्याक्षरं, त्याखाली इशापूर (बंगालमधला रायफल कारखाना) आणि १९४२.

विक्रेता साठीचा, गोड बोलणारा. मी कुठला, हे विचारलं. मी बाबांचं सांगितलं. पाच मिनिटांत त्यानं ती रायफल 'इंडियन पोलिसांच्या स्टोअरमधून आलेली, सगळे नंबर जुळणारी' करून टाकली. बोल्टवरचा (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) आणि नळीच्या बुडाशी रिसीव्हरवरचा (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी सांगाडा) नंबर दाखवला. खरंच जुळत होता. वरून काळा रंग होता. पण इशापूरच्या दुरुस्त केलेल्या रायफलींवर तो असतोच, त्यामुळे मला तो उलट अस्सलपणाचा दाखला वाटला. ४७५ डॉलर. रोख दिले तर कार्डाचे तीन टक्के वाचतील म्हणाला, मी रोख दिले. फॉर्म भरला, माझी सरकारी तपासणी झाली, पावती मिळाली. पावतीवर बारीक अक्षरात होतं: तीन दिवसांत परत, माल जसा नेला तसाच असेल तर.

निघताना त्यानं सहज म्हटलं, "हिला शिकारीची करून घे. पुढचं लाकूड कमी कर, नेमाची दुर्बीण, स्कोप बसव. माझा एक मित्र हेच काम करतो, उद्याच घेईल."

तो सल्ला नव्हता, सापळा होता. माल बदलला की परतीचा रस्ता बंद.

मला तेव्हा वाटलं, बदलायला हरकत काय? इशापूरच्या कारखान्यानं स्वतः हेच केलेलं आहे. .३०३ लष्करी मापाची म्हणून भारतात सामान्य माणसाला मिळत नाही, तेव्हा त्याच घडणीवर त्यांनी .३१५ ची शिकारी रायफल काढली. इथे अमेरिकेत तर महायुद्धानंतर अशा रायफली टपालानं स्वस्तात मिळत आणि लोक गॅरेजमध्ये करवत घेऊन बसत. १९६८ च्या कायद्यानं टपालाची विक्री बंद केली. मग मीच सोवळं का पाळायचं? शिवाय हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो आणि नोव्हेंबर लागला होता. घाई होती.

त्या 'मित्रा'नं आठ दिवसांत काम केलं. पुढचं लाकूड अर्ध्यावर कापलं, नळी तीन इंचांनी आखूड केली, वरती तीन भोकं पाडून स्कोप बसवला. ३९० डॉलर. दिसायला झकास. कापलेले तुकडे त्यानं एका पिशवीत घालून दिले. मी ती पिशवी न उघडता गॅरेजमध्ये टाकली.

रेंजवर पहिल्या पाच गोळ्या कागदावर विखुरल्या. या रायफलीत पुढचं लाकूड शोभेचं नसतं, नळीला दाबून धरण्यासाठी त्यात स्प्रिंग आणि खुंटी असते. ते कापलं की नेम फिरतो. हे मला नंतर कळलं. सहाव्या गोळीला 'फुस्स' झालं आणि गालाला गरम हवा लागली. बोल्ट ओढला तर काडतुसाच्या पितळी पुंगळीचं बूड तेवढं बाहेर आलं, बोटाच्या एका पेराएवढं. उरलेली पुंगळी आतच अडकली होती. आधीच्या पाच पुंगळ्या उचलून पाहिल्या: प्रत्येकीला बुडाच्या थोडं वर एक चकचकीत रेघ, बांगडीसारखी. पितळ ताणलं जाऊन तुटायच्या बेतात आलं की तशी रेघ उमटते. डोळ्यांवर चष्मा होता म्हणून आज हे टाइप करतोय.

मग दुसऱ्या गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) गेलो, जो त्या विक्रेत्याला ओळखत नव्हता. (हे पहिल्याच दिवशी करायचं असतं. वीस-तीस डॉलरचं काम.) .३०३ च्या काडतुसाला बुडाशी कडा असते. बोल्ट बंद झाल्यावर तिच्यासाठी किती जागा उरते ते गेज घालून बघतात. ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, ०.०७४ च्या गेजवर होता कामा नये. माझा दुसऱ्या गेजवर लोण्यात सुरी जावी तसा बंद झाला. म्हणजे बोल्ट या रायफलीचा नसावा, अशी शंका आली. भिंगातून पाहिल्यावर बोल्टवरचा जुना नंबर घासून नवा ठोकलेला दिसला. त्यातल्या चारचा आकडाच रिसीव्हरवरच्या चारपेक्षा वेगळा.

नंतर त्यानं चिंधीवर थिनर घेऊन नळीच्या बुडावरचा काळा रंग पुसला. खाली लोखंड किंचित खोलगट लागलं, घासल्यासारखं. तिरका उजेड धरल्यावर दोन अक्षरं पुसट दिसली. डी. पी.

मी कॉलेजात दोन वर्षं एनसीसीत होतो. हीच अक्षरं असलेली रायफल खांद्याला लावून मैदानाला फेऱ्या मारल्या आहेत. ड्रिल पर्पज, म्हणजे फक्त कवायतीची, गोळी झाडायला बाद. पहिल्या दिवशी उस्तादांनी आम्हाला हेच सांगितलं होतं. आणि मी ४७५ डॉलर मोजून तीच विकत आणली, वर ३९० देऊन नटवली.

विक्रेत्याला फोन केला. आवाज तोच गोड. "तुम्ही ती कापलीत, भोकं पाडलीत. ती खराबी तुमच्या कामानंही झाली असेल." त्याच्या मित्रानं 'मला फक्त लाकूडकाम सांगितलं होतं' म्हणून हात झटकले. रोखीमुळे बँकेकडे दाद मागायची सोय नव्हती. राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार दिली आहे, पोच आली आहे, पुढे काही नाही.

ज्यांच्या मनात असं काही घोळतंय त्यांना माझं मत स्पष्ट सांगतो. न कापलेली जुनी रायफल कापू नका. कापली की तिची किंमत तिथेच पडते. हौसच असेल तर साठ वर्षांपूर्वी कुणीतरी कापून ठेवलेली घ्या, ती स्वस्त मिळते आणि पाप दुसऱ्याचं असतं. स्कोप हवाच तर भोकं न पाडता आवळून बसणारे क्लॅम्प मिळतात. मूळ लाकूड काढून ठेवा, नवं चढवा. आणि काहीही करण्याआधी बोल्ट, नळी आणि पुढच्या लाकडाच्या खालचा नंबर, तिन्ही पाहा. विक्रेता 'लाकूड उतरवू नका' म्हणाला तर पाकीट खिशातच राहू द्या. नुसती शिकार करायची असेल तर मी उधळले त्यापेक्षा कमी पैशांत नवी कोरी बोल्ट रायफल येते.

परवा गॅरेज आवरताना ती पिशवी सापडली. कापलेल्या लाकडाच्या खालच्या बाजूला नंबर होता, तिसराच. वर पॉलिशखाली पांढऱ्या रंगाचा पट्टा, कवायतीची रायफल लांबून ओळखू यावी म्हणून मारतात तसा. पहिल्या तीन दिवसांत हे लाकूड उतरवून पाहिलं असतं तर पैसे परत मिळाले असते.

व्हिडिओ कॉलवर बाबांना ते दाखवलं. बाबांचं वय आता एक्याऐंशी. त्यांनी चष्मा चढवला, नंबर वाचायचा प्रयत्न केला. म्हणाले, "बोल्ट दुसऱ्याचा लागला तर आमचा कोत हवालदार सात पिढ्यांचा उद्धार करायचा. तू फोन करून विचारायचंस तरी." मग जरा थांबून म्हणाले, "ते लाकूड टाकू नकोस. येताना विमानात आणू देतील का, बघ."