जेलमधून सुटल्यावर लावलेला फोन : १८००-११-२३५६

पाचपैकी पाच तारे. का, ते सांगायला थोडा वेळ लागेल.

मी तेरा महिने जेलमध्ये होतो. पतसंस्थेत रोखपाल होतो, अपहाराच्या गुन्ह्यात माझंही नाव आलं. सध्या जामिनावर बाहेर आहे, खटला चालू आहे. त्याबद्दल इथं काही लिहिणार नाही. लिहायचंय ते तंबाखूबद्दल, आणि ती सोडायला मदत करणाऱ्या या फोनबद्दल. तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात हा नंबर असतो. पुडीवर तो भयंकर फोटो असतो ना, त्याच्यासोबतच छापलेला असतो, सप्टेंबर २०१८ पासून. मी बावीस वर्षं तंबाखू खाल्ली. हा नंबर रोज माझ्या हातात होता आणि मी तो एकदाही वाचला नव्हता.

मला अटक झाली तेव्हा आई रडत रडत एक वाक्य बोलली होती, “निदान ती तंबाखू तरी सुटेल रे तुझी.” घरच्यांना असंच वाटतं. आमच्या जेलमध्ये तंबाखूला मनाईच होती. झडतीत सापडली की जप्त, वर शिक्षा. तरी बराकीत ती असायची. कशी यायची ते लिहीत नाही, माझी ओळखीची माणसं अजून आत आहेत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. विडीचा धूर लपत नाही. तंबाखू दाढेखाली धरून माणूस गिनतीला उभा राहिला तर कुणाला कळतसुद्धा नाही. आणि आपल्याकडे खाणारेच जास्त. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू वापरणारे निघाले, ओढणारे ३.८ टक्के. आमच्या बराकीत ओढणारा शोधावा लागला असता.

एका चिमटीला कॅन्टीनचा एक बिस्किटपुडा, हा चांगल्या दिवसांतला भाव. झडत्या वाढल्या की दोन पुडे, नाहीतर अंगाचा साबण, नाहीतर आठवडाभर कुणाचे तरी कपडे धुवायचे. दिवसभर दुसऱ्यांची लाखांची रोकड मोजणारा मी, चिमूटभर तंबाखूसाठी माझ्या निम्म्या वयाच्या मुलाचे कपडे धुतले आहेत. घरून येणारी मनीऑर्डर खाण्यापिण्यासाठी असायची, ती तंबाखूच्या उधारीत जायची. मुलाकातीला आलेल्या बायकोला मी सांगायचो, कॅन्टीनमध्ये सगळं महाग झालंय.

मग माणसं आत एवढी का खातात? एक तर वेळ. संध्याकाळी बराक बंद झाली की सकाळपर्यंत उघडत नाही, आणि ते तास संपता संपत नाहीत. तळहातावर तंबाखू मळणं हे तेवढंच हाताला काम. दुसरं कारण बाहेरच्यांना समजणार नाही. कोर्टात तारीख झाली, जामीन नाकारला गेला, माणूस परत येऊन भिंतीला तोंड करून बसला, की कुणीतरी शेजारी येतं. काही बोलत नाही. मळलेली चिमूट पुढे करतं. आत तुम्ही दुसऱ्याला देऊ शकाल असं तुमच्याकडे जवळजवळ काहीच नसतं. ती चिमूट म्हणजे माया असते. ती नाकारायची कशी? माझा जामीन पहिल्यांदा नाकारला गेला त्या दिवशी शेजारच्या बिछान्यावरच्या काकांनी त्यांच्याकडची शेवटची चिमूट मला दिली होती. त्यांचं वय तेव्हा बासष्ट.

आणि याच मायेनं एकोणीस वर्षांचा एक पोरगा माझ्यासमोर तंबाखूला लागला. आला तेव्हा सुपारीसुद्धा खात नव्हता. पहिल्या रात्री रडत होता, म्हणून कुणीतरी दिली. ते कुणीतरी मीच होतो. हे लिहिताना माझा हात थांबतोय, पण लिहिलं नाही तर बाकीच्या लिहिण्याला अर्थ नाही.

शेवटचे चार महिने माझी बराक बदलली. तिथं तंबाखू येत नव्हती आणि माझ्याकडे पैसेही उरले नव्हते. पहिले तीन दिवस डोकं फुटायची वेळ आली, झोप नाही, दोनदा भांडणं झाली. तीन-चार आठवड्यांत ते ओसरलं. मला वाटलं, सुटली. सुटकेच्या दिवशी मेव्हणा न्यायला आला. एसटी स्टँडवर चहा घेतला, शेजारी टपरी होती. गेटबाहेर पाऊल टाकल्यापासून तासाभरात माझ्या दाढेखाली बार होता. चार महिन्यांची तपश्चर्या आणि एक तास.

पुढे दोन महिन्यांनी दाढ दुखली म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला. मी बार जिथं धरतो, बरोबर तिथंच. म्हणाले, अजून वेळ गेलेली नाही, पण आजच बंद करा. त्या रात्री मी पहिल्यांदा पुडी उलटीसुलटी करून वाचली.

सेवेची थोडी माहिती. ही केंद्र सरकारची तंबाखूमुक्तीची क्विटलाइन आहे. २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधून सुरू झाली. २०१८ मध्ये मुंबईचं टाटा मेमोरियल, बेंगळुरूचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं कर्करोग रुग्णालय तिला जोडलं गेलं. कॉल फुकट. मी केला तेव्हा वेळ सकाळी आठ ते रात्री आठ होती आणि सोमवारी सुट्टी.

माझ्याशी मराठीत एक मुलगी बोलली. आवाजावरून माझ्या पुतणीएवढी असेल. काय खाता, दिवसाला किती, सकाळी उठल्यावर किती वेळात पहिली लागते, आधी कधी सोडली होती का, असे प्रश्न. शेवटच्या प्रश्नावर मी अडखळलो. सांगितलं, चार महिने बंद होती, जेलमध्ये होतो. मला वाटलं आता तिचा आवाज बदलणार. बदलला नाही. तिनं विचारलं, “आत तलफ आल्यावर तुम्ही काय करत होतात, ते आठवतंय का?” सुटल्यापासून मला कुणी तेरा महिन्यांबद्दल एवढा सरळ प्रश्न विचारला नव्हता. मी सांगत गेलो. पाणी प्यायचो, बराकीत फेऱ्या मारायचो, हनुमान चालिसा म्हणायचो. ती म्हणाली, “म्हणजे तुम्हाला येतंय सर. फक्त तिथं तंबाखू नव्हती. आता समोर असताना हेच करायचंय.”

सोडायची तारीख तिनं मलाच ठरवायला सांगितली. मी मंगळवार धरला, म्हणजे अवघड दिवसांत लाइन चालू असेल. तुम्हीही तसंच करा. ठरल्या दिवशी तिकडून फोन आला, पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. तो फोन येणार आहे हे माहीत असल्यानं मी दोनदा टपरीवरून परत फिरलोय.

सोबत निकोटिनच्या च्युइंगमच्या गोळ्या घेतल्या, २ मिलिग्रॅमच्या. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात. पण बीपी, हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ही गोळी साध्या च्युइंगमसारखी चघळत बसायची नाही. मी पहिल्या दिवशी तेच केलं आणि उचक्यांनी हैराण झालो. थोडी चावायची, जिभेला मिरमिरलं की गालात धरून ठेवायची, मिरमिर गेली की पुन्हा चावायची. साधारण अर्धा तास. गालात धरायची सवय आपल्याला आहेच. चहा प्यायल्यावर लगेच घेऊ नका, पंधरा मिनिटं जाऊ द्या, नाहीतर निकोटिन नीट उतरत नाही. रोजचा खर्च सुरुवातीला पुड्यांपेक्षा जास्त आला. मी दिवसाला आठ-नऊवरून हळूहळू कमी करत तीन महिन्यांत बंद केल्या.

आज मला सात महिने झालेत. डॉक्टर दर तीन महिन्यांनी चट्टा बघतात, फिका झालाय म्हणतात.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. हा नंबर आतून लागत नाही. आमच्याकडे फोन फक्त नोंदवलेल्या नंबरांवर करता यायचा, घरचे आणि वकील. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्याच्यापर्यंत ही सेवा पोचतच नाही. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या तुरुंगात धूम्रपानाला बंदी आहे. तिथं एक अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला. सुटण्याआधी समुपदेशनाच्या सहा बैठका आणि सुटल्यावर दोन फोन एवढंच केलं, तर तीन आठवड्यांनी २५ टक्के लोक अजून सिगारेटपासून लांब होते. ज्यांना हे मिळालं नाही त्यांच्यातले फक्त ७ टक्के. ते ७ वाचून मला माझी एसटी स्टँडवरची टपरी आठवली. नुसत्या मनाईनं माझ्यासारखे जवळजवळ सगळेच परत लागतात. सुटकेच्या कागदावर सही घेतात त्या टेबलावर हा नंबर लावायला काय लागतं? एक कागद आणि डिंक. मी तसा अर्ज टपालानं पाठवलाय, पोचपावती जपून ठेवलीय.

काकांना मी आत पत्र लिहिलं. पत्र आत वाचलं जातं, म्हणून साधंच लिहिलं: तलफ आली की पाणी प्या, फेऱ्या मारा, पहिले तीन दिवस वाईट असतात, चौथ्यापासून बघा. खाली नंबर लिहिला, सुटाल त्या दिवशी टपरीच्या आधी हा लावा म्हणून. गेल्या आठवड्यात उत्तर आलं. अक्षर कुणा दुसऱ्याचं, काकांना लिहिता येत नाही. लिहिलं होतं, नंबर पाठ केला, पोराकडूनही पाठ करून घेतला, हे पत्र त्यानंच लिहिलंय.