विद्यार्थ्यांशी एन्क्रिप्टेड पत्रव्यवहार: थंडरबर्डचा तीन वर्षांचा अनुभव

मी विद्यापीठात समाजशास्त्र शिकवते. माझे संशोधक विद्यार्थी घरगुती हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतात, आणि त्यांची टिपणे साध्या ईमेलने यावीत हे मला कधीच पटले नव्हते. कारण साधा ईमेल वाटेत सुरक्षित राहिला, तरी मेल पुरवणाऱ्याच्या सर्व्हरवर तो त्याला वाचता येईल अशाच स्वरूपात पडून असतो. म्हणून गेली तीन वर्षे आम्ही थंडरबर्ड या मोफत मेल प्रोग्रॅममधील ओपनपीजीपीची, म्हणजे ज्याला पाठवला त्यालाच वाचता येईल असा मेल सांकेतिक (एन्क्रिप्ट) करण्याच्या पद्धतीची, सोय वापरत आहोत.

पूर्वी यासाठी एनिगमेल ही थंडरबर्डची जोड आणि जीएनयूपीजी हा एन्क्रिप्शनचा प्रोग्रॅम वेगळे बसवावे लागत. २०२० मधील ७८व्या आवृत्तीपासून ही सोय थंडरबर्डमध्येच आली, त्यामुळे किल्ल्यांची जोडी काही मिनिटांत तयार होते. आपल्यासाठीचा मेल बंद करणारी सार्वजनिक किल्ली समोरच्याला द्यायची, तो उघडणारी खासगी किल्ली स्वतःपाशी जपायची, एवढे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी समजते.

खरे काम त्यानंतरचे आहे. आलेली किल्ली त्याच विद्यार्थिनीची आहे कशावरून? थंडरबर्ड ती स्वीकारताना नेमके हेच विचारतो: पडताळणी न करता स्वीकारता, की स्वतः पडताळून? हा प्रश्न विचारला जातो, ही मला या प्रोग्रॅमची सर्वांत मोलाची बाजू वाटते. आम्ही पहिल्या भेटीत समोरासमोर बसतो. विद्यार्थिनी वहीत उतरवलेला चाळीस अक्षर-अंकांचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिच्या किल्लीची ओळख सांगणारा संकेत, चार-चारच्या गटांनी मोठ्याने वाचते आणि मी पडद्यावर बोट ठेवून तो जुळवत जाते. एकदा सातव्या गटात बी आणि डी यांची गल्लत झाली, तेव्हा आम्ही पुन्हा पहिल्यापासून वाचले.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. विषयाची ओळ थंडरबर्ड झाकतो, पण कोणी कोणाला आणि केव्हा लिहिले हे झाकले जात नाही. तोच मेल ब्राउझरमध्ये उघडला, तर विषयाच्या जागी तीन टिंबे आणि सोबत एक न वाचता येणारी फाइल एवढेच दिसते, आणि घाबरलेला विद्यार्थी रात्री फोन करतो. वसतिगृहात लॅपटॉप अनेकांच्या हाती जातो, त्यामुळे थंडरबर्डमध्ये साठवलेल्या किल्ल्या राखणारा प्रायमरी पासवर्ड किंवा किल्लीचा स्वतंत्र पासफ्रेज (लांब पासवर्ड) ठेवल्याशिवाय या सोयीला फारसा अर्थ उरत नाही. किल्लीची मुदत आपोआप तीन वर्षांची सुचवली जाते, एम.ए.ला ती पुरते, पीएच.डी.ला मात्र वाढवून घ्यावी लागते.

सर्वांत मोठा फटका आम्हाला आमच्याच हलगर्जीपणामुळे बसला. एका विद्यार्थ्याने लॅपटॉप फॉरमॅट केला आणि खासगी किल्लीची प्रत कुठेच ठेवली नव्हती. मी त्याला पाठवलेली दीड वर्षाची सगळी पत्रे त्याच्या खात्यात जशीच्या तशी होती, पण त्यांतले एकही त्याला उघडता येईना. माझ्या पाठवलेल्या मेलच्या प्रती माझ्या किल्लीने उघडत होत्या, म्हणून मी त्या एकेक करून त्याच्या नव्या किल्लीने पुन्हा पाठवल्या. त्यात दोन दुपारी गेल्या. आता किल्लीची प्रत पेनड्राइव्हवर घेतल्याचे दाखवल्याशिवाय मी कोणाचीही पहिली मुलाखत स्वीकारत नाही.

हजेरी, वेळापत्रक किंवा पुस्तकांच्या याद्या यांसाठी एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. मुलाखती आणि विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक तक्रारी यांसाठी मात्र मी थंडरबर्डची निःसंकोच शिफारस करते. या सत्रातही पहिल्या भेटीतला अर्धा तास मी फिंगरप्रिंट वाचण्यासाठी राखून ठेवला आहे.