साथीदारांचा पोशाख: ठरलेला की आपल्या पसंतीचा?

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (२००९) या व्हिडिओ गेममध्ये आपल्यासोबत लढणाऱ्या साथीदारांना हवं ते चिलखत चढवता येतं. मलाही सुरुवातीला त्यात मजा आली. पण खेळ निम्म्यावर आला की अॅलिस्टर आणि स्टेन हे दोघंही साथीदार सारख्याच जाडजूड लोखंडात. वर शिरस्त्राण घातलं की उंचीवरूनच ओळखायचं कोण कोण ते!

'ड्रॅगन एज २' (२०११) ने ही मुभा काढून घेतली. शस्त्र आणि अंगठ्या बदला, चिलखताची ताकद वाढवा, पण पोशाख मात्र ज्याचा त्याचा. खूप खेळाडू चिडले. लुटीत उत्तम चिलखत मिळालं तरी ते फक्त नायकाच्याच अंगी लागायचं, हा राग रास्तच होता. तरी माझं मत या खेळाच्या बाजूने आहे, कारण इथे कपडे कथा सांगतात. तिसऱ्या अंकात अँडर्स हा साथीदार काळ्या पोशाखात समोर येतो, तेव्हा त्याच्या मनात काहीतरी शिजतंय हे तो बोलण्याआधीच कळतं. फेनरिस या दुसऱ्या साथीदाराशी प्रेम जुळलं की त्याच्या मनगटावर लाल फडकं दिसतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खेळ थांबवून नुसती बघत बसले होते.

'बाल्डर्स गेट ३' (२०२३) पुन्हा मोकळीक देतो. रंग बदला, तळावरचे कपडे वेगळे ठेवा. सराव नसलेलं जड चिलखत गेल या जादूगार साथीदाराला घातलंत, तर मात्र त्याला मंत्र टाकता येत नाहीत.

मला सर्वांत पटला तो 'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन' (२०१४) चा मार्ग: चिलखत आपण निवडायचं, पण तेच चिलखत प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या स्वतःच्या ढंगात दिसतं.