दाबोळीला भाड्याने घेतलेली गाडी

दाबोळी विमानतळाजवळच्या एका एजन्सीकडून पावसाळ्यात स्वतः चालवण्यासाठी घेतलेली गाडी एकंदरीत समाधानकारक होती. नंबरप्लेट काळी व अक्षरे पिवळी, म्हणजे भाड्याने देण्यासाठी रीतसर नोंदवलेली, आणि विमा व पीयूसीही मुदतीत होते. टायरच्या नक्षीची खोली कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते, ती येथे भरपूर होती. मात्र वायपरचे रबर कडेला फाटलेले आणि स्टेपनीत हवा नाही, ही बाब मला गंभीर वाटते, कारण चोर्ला घाटात धुके व पाऊस एकत्र आले की काचेवर न पुसलेला एवढासा पट्टाही समोरचे वळण झाकून टाकतो. सांगताच त्यांनी विनातक्रार रबर बदलून दिले, हवाही भरली. परंतु ही तपासणी गाडी ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वीच व्हायला हवी होती.