'आय सेव्हन' ऐकून ४२ हजार मोजले

माझी बहीण बेळगावच्या वडगावात ब्लाऊज शिवते, भावोजी मागावर जातात. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२५ च्या जूनमध्ये बहिणीने भिशी उचलली आणि पैसे माझ्या हातात ठेवून म्हणाली, "दादा, तू मशीनमधला माणूस, पोरीला कॉम्प्युटर तूच बघून घेऊन दे." त्या पैशांचं काय झालं ते सगळं लिहितोय, कारण तसाच माल तशाच बोलण्याने अजून विकला जातोय.

दुकान बेळगावातलंच, नाव लिहीत नाही. आम्ही सांगितलं, बजेट चाळीसच्या आसपास, पोरीला सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड ही डिझाईनची सॉफ्टवेअर चालवायचीत. दुकानदाराने पॅडवरचा एक कागद फाडून त्यावर लिहिलं: आय सेव्हन, १६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, ४ जीबी ग्राफिक्स, ५०० वॉट एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा), गेमिंग कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर. खाली ४२,०००. "कॉलेज संपेपर्यंत बघायला नको," म्हणाला. कॅबिनेटला काचेची बाजू, आत निळे-जांभळे दिवे. भाचीचा चेहरा बघून मी घासाघीसही फार केली नाही. २२ हजार यूपीआयने दिले, २० हजार रोख. बिल मागितलं तर म्हणाला, पक्कं बिल केलं तर १८ टक्के जीएसटी वर लागेल, कशाला उगाच. मी गप्प बसलो. उद्यमबागेत आमच्या कारखान्यात ईएन-८ पोलादाचा साधा बार आला तरी आम्ही टेस्ट सर्टिफिकेट बघितल्याशिवाय लेथला लावत नाही, आणि इथे बहिणीचे पैसे मी एका चिठ्ठीवर देऊन आलो.

पहिला महिना बरा गेला. ऑटोकॅडमधली साधी ड्रॉइंग उघडत होती. मग कॉलेजात असेंब्ली, म्हणजे स्क्रीनवर पार्ट जोडून पूर्ण वस्तू उभी करणं, सुरू झाली, गिअरबॉक्स वगैरे. पार्ट चाळीस-पन्नास झाले की स्क्रीन जागच्या जागी थांबायची. एका सकाळी भाचीचा फोन आला, "मामा, नुसतं गोल फिरालंय बघ. मी रात्री दोनपर्यंत बसलो होतो, खरं फाईल उघडलीच नाही." दुकानात फोन केला तर उत्तर आलं, सॉफ्टवेअर जड आहे, पोरगी नवीन आहे, शिकेल. पोरगी नवीन आहे, हे त्याने म्हणायला नको होतं. ती आठ दिवस स्वतःचीच चूक शोधत बसली होती.

ऑगस्टमध्ये संध्याकाळी पाऊस कोसळत असताना लाईट तीनदा जाऊन आली. तिसऱ्या वेळी कॅबिनेटमधून टप्प असा आवाज आणि जळका वास. एसएमपीएस गेला आणि जाताना हार्ड डिस्क घेऊन गेला. तिची प्रोजेक्टची निम्मी कामं त्या डिस्कवर होती.

यावेळी मी त्या दुकानात गेलो नाही. अनगोळमध्ये आमच्या कंपनीतले कॉम्प्युटर बघणारा एक रिपेअरवाला आहे, त्याच्या टेबलावर सगळं उघडलं. त्याने आधी एसएमपीएस माझ्या हातात दिला. हलका, पोकळ वाटणारा. कंपनीच्या काट्यावर नंतर टाकला, ६४० ग्रॅम भरला. शेजारी त्याच्याकडचा ४५० वॉटचा चांगल्या कंपनीचा ठेवला, तो दीड किलोच्या वर. मग झाकण काढलं. लाईट जिथून आत येते तिथे बोर्डावर कॉईल आणि कपॅसिटरची जागा छापलेली होती, भोकंही पाडलेली होती, आणि त्यात वस्तूच नव्हती. कॉईलच्या जागी तारेचे दोन उघडे तुकडे डाग देऊन जोडले होते. आमचा पावसाळा, त्यात लाईटचं हे येणं-जाणं, आणि आत अशी काटछाट.

स्टिकरवर ५०० वॉट मोठ्या अक्षरात होतं. त्याच स्टिकरच्या तक्त्यात बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या रकान्यात १५ अँपिअर लिहिलं होतं. बारा गुणिले पंधरा, १८० वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही मुख्यतः त्या १२ व्होल्टवर चालतात, त्यामुळे कामाचा आकडा तोच. हा गुणाकार दुकानात उभ्या उभ्या करता येतो. स्टिकरवर हा तक्ताच नसेल तर तो एसएमपीएस घेऊच नका, फुकट दिला तरी.

रिपेअरवाल्याने दुसरा एसएमपीएस लावून मशीन चालू केलं आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सवर गेला. वर कोपऱ्यात प्रोसेसरचं पूर्ण नाव येतं. आय सेव्हन-२६००. हा प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये बाजारात आला होता. भाची तेव्हा बालवाडीत होती.

इंटेलच्या या नावांमध्ये आय थ्री, आय फाईव्ह, आय सेव्हन हे फक्त घराणं सांगतात. पिढी कळते पुढच्या आकड्यावरून. २६०० मधला २ म्हणजे दुसरी पिढी, १२४०० मधले १२ म्हणजे बारावी. २०२२ च्या सुरुवातीला आलेला आय थ्री-१२१०० चार कोअरचाच (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एक भाग) आहे, तरी आमच्या या आय सेव्हनला सहज मागे टाकतो. पण दुकानात 'आय थ्री' म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि 'आय सेव्हन' म्हटलं की मान डोलावतं. मीही डोलावली. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे आम्ही घेतला तेव्हा त्या मशीनला चार महिने उरले होते.

बाकीच्या वस्तूंची गत तीच. मदरबोर्ड एच-६१ चिपसेटचा, त्याच जमान्यातला. त्याचे साटा पोर्ट, म्हणजे डिस्क जोडायच्या जागा, जुन्या वेगाचे, त्यामुळे एसएसडी नवी असूनही निम्म्या वेगाने चालत होती. रॅम डीडीआर-३, पुढे कुठल्याही नव्या बोर्डावर न बसणारी. '४ जीबी ग्राफिक्स' म्हणजे जीटी ७३०, २०१४ चं कार्ड, त्यावर संथ डीडीआर-३ मेमरी. कार्डाच्या जीबीवरून त्याची ताकद कळत नाही, ती त्याच्या मॉडेलवरून कळते. कमकुवत चिपला भरपूर मेमरी चिकटवून आकडा मोठा दाखवणं सोपं असतं. हार्ड डिस्क तात्पुरती एकदा जागी झाली तेव्हा त्याने क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. पॉवर ऑन अवर्स: २३,४१८. दिवसरात्र धरलं तर दोन वर्षं आठ महिने. आम्हाला ती प्लास्टिकच्या सीलबंद पिशवीतून काढून दिली होती.

चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो. तो माणूस शांतपणे म्हणाला, "तुम्ही आय सेव्हन मागितला, आय सेव्हन दिला की. यात खोटं काय आहे सांगा." चिठ्ठीवर खरंच कुठे मॉडेल नंबर नव्हता. शेवटी सगळं परत घेऊन १५ हजार देतो म्हणाला. मी नाही म्हटलं.

मला यातून कळलेली गोष्ट ही की पैसा कुठे घालायचा हे त्या दुकानदाराने गिऱ्हाइकाची नजर बघून ठरवलं होतं. प्रोसेसरचं नाव, जीबीचे आकडे, दिवे, काच, हे दिसतं. बोर्ड, एसएमपीएस, रॅमच्या काड्या एक की दोन, हे दिसत नाही आणि सगळी बचत तिथे होते. खरं तर कमी बजेटमध्ये याच्या उलट करायला हवं. प्रोसेसर मधल्या फळीतला पण ताज्या पिढीचा. रॅम १६ जीबी हवी तर आठ-आठच्या दोन काड्या, म्हणजे ड्युअल चॅनल मिळतो, दोन्ही काड्या एकाच वेळी कामाला लागतात. प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर काम भागवायचं असेल तर याने खूप फरक पडतो, कारण ते ग्राफिक्स याच रॅममधून खातं. बोर्ड असा की पुढे एखादं कार्ड, जादा रॅम बसेल. इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबरमागे एफ अक्षर असेल तर त्यात आतलं ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड लागतंच. आमच्या ओळखीत एकाने तसा स्वस्त मिळाला म्हणून आणला आणि घरी स्क्रीन काळीच.

सप्टेंबरमध्ये मी माझ्या पदरचे पैसे घालून मशीन परत उभं केलं. एएमडी कंपनीचा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, सहा कोअर, ग्राफिक्स आतच. बी-४५० बोर्ड, डीडीआर-४ च्या दोन काड्या, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, कमी वीज वाया घालवण्याचा ८० प्लस ब्राँझ शिक्का असलेला ४५० वॉटचा एसएमपीएस. कॅबिनेट आणि मॉनिटर जुनेच ठेवले. साधारण २८ हजार लागले, जीएसटीसकट पक्क्या बिलावर. आज याच भावात जमणार नाही, त्यानंतर रॅमचे भाव भडकलेत. गिअरबॉक्सची ती फाईल आता उघडते, फिरवता येते. पुढे गरज वाटली तर ग्राफिक्स कार्ड घालू, बोर्डाला जागा आहे.

तक्रारीचंही सांगतो. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर, मराठीतही बोलता येतं. त्यांनी पहिला प्रश्न बिलाचा विचारला. माझ्याकडे चिठ्ठीचा फोटो, यूपीआयची नोंद आणि रिपेअरवाल्याने काढलेले स्क्रीनचे फोटो होते. तेवढ्यावर तक्रार घेतली, पण बिल असतं तर बोलणं निराळं झालं असतं, हे मला त्या फोनवरच कळलं. १८ टक्के वाचवतो म्हणणाऱ्याने माझ्या हातातला पुरावा काढून घेतला होता. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आपल्याकडचे बरेच लोक कोल्हापूरला जाऊन खरेदी करतात, त्यांनी हे लक्षात ठेवा की २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार करता येते. दुकान महाराष्ट्रात आहे म्हणून तिकडे खेपा घालायची गरज नाही. बिलावर मात्र प्रत्येक वस्तूचं पूर्ण मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटीला सर्व्हिस सेंटर कुठे आहे, बेळगावात, हुबळीत की पुण्यात, तेही पैसे द्यायच्या आधी विचारा.

गेल्या आठवड्यात भाचीची हिंडलग्याची एक मैत्रीण घरी आली होती. तिच्या वडिलांनी कोटेशन आणलं होतं: आय फाईव्ह, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स, ३६ हजार. भाचीने तिथल्या तिथे त्या दुकानात फोन लावला आणि विचारलं, "आय फाईव्ह कुठला? पूर्ण नंबर सांगा. एसएमपीएसला १२ व्होल्टवर किती अँपिअर आहेत?" पलीकडून उत्तर आलं, दुकानात या, समोर बघून सांगतो. तिने कागद परत मैत्रिणीच्या हातात दिला. ते लोक अजून त्या दुकानात गेलेले नाहीत.