तल्लुमाला की आलप्पुळा जिमखाना : आधी कोणता बघावा?

मल्याळम दिग्दर्शक खालिद रहमान आणि कॅमेऱ्यामागे त्याचा भाऊ जिमशी खालिद, ही जोडी २०१६ च्या ‘अनुराग करिक्किन वेळ्ळम’पासूनची. मधला ‘उंडा’ तेवढा जिमशीविना झाला. (तिसरा भाऊ शैजू म्हणजे ‘कुंबळंगी नाइट्स’चा छायालेखक. घरच कॅमेऱ्याचं!) या दोघांचं काम बघायचंय आणि हाताशी एकच शनिवार आहे, असं कुणी म्हटलं की प्रश्न बहुतेक ‘तल्लुमाला’ आणि ‘आलप्पुळा जिमखाना’ या दोन सिनेमांवर येऊन थांबतो.

दोन्हींत मारामारी आहे, संकलन निषाद युसुफचं आणि संगीत विष्णू विजयचं. ‘तल्लुमाला’ (२०२२) म्हणजे मारामाऱ्यांची माळच. टोविनो थॉमसचा वसीम, मलबारकडची पोरं, भडक रंग आणि सतत पुढे-मागे उड्या मारणारा काळ. या संकलनाला केरळचा राज्य पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. लग्नाच्या हॉलमधल्या हाणामारीत जिमशीचा कॅमेरा त्या गर्दीचाच एक माणूस होऊन जातो.

माझी अडचण निराळी होती. आमच्या घरी मल्याळम कुणाला येत नाही. सबटायटल्स इंग्रजीत, बाबांना ती भराभर वाचता येत नाहीत, म्हणून मी मोठ्यानं मराठीत सांगत बसतो. ‘तल्लुमाला’त एकाच वेळी चौघं बोलतात, वर पडद्यावर अक्षरंही झळकतात. मी एक वाक्य सांगेपर्यंत गोष्ट दोन वर्षं मागे गेलेली असायची. “हे आधीचं का नंतरचं रे?” बाबांनी इतक्यांदा विचारलं, की शेवटी रिमोट हातातच धरला. थांबव, सांग, पुन्हा चालू कर. ज्या चित्रांसाठी सिनेमा लावला, ती माझी खालच्या दोन ओळी वाचण्यातच निसटली.

‘आलप्पुळा जिमखाना’ (२०२५) सरळ पुढे जातो. बारावीत नापास झालेली पोरं, खेळाच्या कोट्यातून कॉलेज मिळेल या आशेनं बॉक्सिंगकडे वळतात. ‘तल्लुमाला’त जमशी नावाचं पात्र रंगवणारा नट लुकमान इथं त्यांचा प्रशिक्षक आहे. पूर्वार्ध जरा रेंगाळतो, हे मान्य. पण रिंगमधल्या लढती सुरू झाल्यावर मला काही सांगावंच लागलं नाही. कोण दमलाय, कुणाचा हात खाली येतोय, कोण नुसतंच घाबरून सरकतोय, सगळं दिसत होतं. बाबा खुर्चीच्या कडेवर आले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, “अरे, हात वर ठेव ना!”

मल्याळम येत असेल, किंवा सबटायटल्स झरझर वाचता येत असतील, तर ‘तल्लुमाला’ कदाचित सरस वाटेल; तसं म्हणणारे मित्र मला आहेत आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. घरच्या मंडळींसोबत बसणार असाल, तर मात्र आधी ‘जिमखाना’ लावा. ‘तल्लुमाला’ नंतर, एकट्यानं, हेडफोन लावून बघा.